होल्बाइन, हान्स (धाकटा)

होल्बाइन, हान्स (धाकटा) : (१४९७/९८–१५४३). प्रबोधनकालीन जर्मन चित्रकार, आरेखनकार व ग्रंथसजावटकार. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबाराचा व्यक्तिचित्रकार म्हणून त्याची विशेष ख्याती आहे. आउग्सबर्ग येथे एका चित्रकार घराण्यात त्याचा जन्म झाला. त्याचे वडील थोरला हान्स होल्बाइन (सु. १४६०–१५२४) हे उत्तर-गॉथिक शैलीतील वेदीचित्रांबद्दल प्रसिद्ध होते, चुलता झीगमुंट व भाऊ आम्ब्रोझिउस हेही चित्रकारच. मुलाच्या घडणीच्या दृष्टीने वडिलांच्या वेदीचित्रांपेक्षा त्यांच्या टिपणवह्या अधिक महत्त्वाच्या ठरतात. लेप दिलेल्या कागदावर रौप्यशलाकेने, म्हणजे चांदीच्या टोकदार तारेने, त्यांनी आउग्सबर्गमधील अनेक नागरिकांचे चेहरे टिपून ठेवले होते. आपल्या दोन मुलांचे त्यांनी १५११ मध्ये काढलेले असेच एक रेखन बर्लिन येथे आहे. त्यावर धाकट्या हान्सचे वय चौदा असे नोंदलेले असून त्याच्या जन्मवर्षाचा अंदाज मुख्यत्वे त्यावरूनच बांधला जातो. रौप्यशलाकेची रेषा सहजासहजी पुसता येत नाही व दाब वाढविला, तरी ती फारशी जाड होत नाही. त्यामुळे चेहरा नीट पाहावयाचा, मनाशी निश्चित करावयाचा आणि मगच रेषा ओढावयाची, ही शिस्त होल्बाइनच्या हातात लहानपणीच भिनली असावी.

सु. १५१५ मध्ये दोघे भाऊ बाझेल येथे गेले. हे नगर त्या काळी मुद्रणाचे व मानवतावादी विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे हान्स हेर्बस्टर या चित्रकाराच्या हाताखाली काम करीत असतानाच, ⇨ इरॅस्मसच्या मूर्खपणाचे उपरोधिक स्तवन करणाऱ्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या एका मुद्रित प्रतीच्या समासांत दोघांनी लेखणीने मिश्किल चित्रे रेखाटली. १५१६ मध्ये होल्बाइनने नगराध्यक्ष याकोप मायर व त्याची पत्नी डोरोथेआ कानेनगीसर यांची जोडव्यक्तिचित्रे रंगविली. त्यांसाठी केलेली रौप्यशलाकेची पूर्वरेखने बाझेल येथे उपलब्ध असून त्यांपैकी याकोपच्या रेखनावर रंगांच्या लेखी नोंदी आहेत. चेहरा बसवून घेऊन रेखाटावयाचा, रंग शब्दांत टिपावयाचे आणि चित्र मात्र नंतर, बसणारी व्यक्ती समोर नसताना पूर्ण करावयाचे, ही त्याची आयुष्यभराची पद्धती अठराएकोणीस वर्षांच्या वयातच ठरून गेलेली दिसते. १५१७ ते १५१९ या काळात तो ल्यूसर्न येथे होता. तेथे हेर्टेनश्टाइन नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या वाड्यावर त्याने काढलेली भित्तिचित्रे १८२५ मध्ये वाड्याबरोबरच नष्ट झाली. १५१९ मध्ये तो बाझेलच्या चित्रकार-श्रेणीचा सदस्य झाला; त्याच सुमारास एल्सबेट बिन्त्सेनश्टोक या विधवेशी त्याचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्याला नागरिकत्व मिळाले.

बाझेलमधील या वर्षांत त्याने नाना प्रकारची कामे केली. नगरसभागृहातील भित्तिचित्रे, काचचित्रांचे आराखडे, मुद्रकांसाठी शीर्षपृष्ठे व आद्याक्षरे हे सर्व त्याने हाताळले. थडग्यातील मृत ख्रिस्त (१५२१-२२) हे केवळ ३०·५ सेंमी. उंच व २०० सेंमी. लांब असे चित्र त्यातून वेगळे उठून दिसते. बंदिस्त कोनाड्यात निजवलेले, काळवंडत चाललेले ते शव पाहून डॉस्टोव्हस्की १८६७ मध्ये विलक्षण अस्वस्थ झाला होता व त्याच्या द इडिअट या कादंबरीत या चित्राला महत्त्वाचे स्थान आहे. मृत्यूचे नृत्य या काष्ठठसा-चित्रमालेचे आराखडे त्याने सु. १५२३ ते १५२६ या काळात केले. हान्स ल्यूट्सेलबुर्गर या कुशल कारागिराने ते लाकडात कोरले. ही माला ग्रंथरूपाने मात्र १५३८ मध्ये लीआँ येथे प्रसिद्ध झाली. राजा, न्यायाधीश, फेरीवाला, नांगर धरणारा शेतकरी अशा प्रत्येकाला त्याच्या नित्याच्या कामात मग्न असताना गाठणारा तेथील सांगाडा हा, पुढे दरबारात वावरलेल्या या चित्रकाराच्या मनोवृत्तीवर काही प्रकाश टाकतो.

१५२४ मध्ये होल्बाइन फ्रान्सला गेला. हा प्रवास त्याच्या रेखनतंत्राच्या दृष्टीने निर्णायक ठरला. बूर्झ येथील ड्यूक झां द बेरी व त्याची पत्नी यांच्या प्रार्थनामग्न पुतळ्यांवरून त्याने केलेली दोन रेखने बाझेल येथे आहेत. ती काळ्या व रंगीत खडूंनी केलेली आहेत. दगडी पुतळ्यांना त्याने त्वचेचा व डोळ्यांचा रंग देऊन असे सजीव केले आहे, की माहिती नसल्यास ती जिवंत माणसांवरूनच केली आहेत असे वाटावे. फ्रान्सच्या दरबारात त्या वेळी झां क्लूए हा चित्रकार काळ्या व लाल खडूंनी व्यक्तिरेखने करीत असे. त्याचे तंत्र होल्बाइनने येथे पाहिले व आत्मसात केले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु दोघांच्या हाताळणीत मूलभूत फरक आहे. क्लूए चेहऱ्याची गोलाई तिरप्या, समांतर छायारेषांच्या जाळीतून उभी करतो. त्याची बाह्यरेषा सौम्य असते. होल्बाइनच्या रेखनात छाया जवळजवळ नाममात्र राहते आणि गोलाईचा सारा भार बाह्यरेषा वाहते. खडूचा रंगही त्याने केवळ रंगच्छटेपुरता, हलक्या हाताने चोळून वापरला. दुसऱ्याचे तंत्र उचलूनही त्यातील मुख्य घटकाची जागाच बदलून टाकणे ही अनुकरणापेक्षा निराळी गोष्ट आहे.

या नव्या तंत्राचा पहिला परिपक्व आविष्कार म्हणजे डार्मश्टाट मॅडोना (१५२६, नंतर सु. १५२८ मध्ये फेरफार) या वेदीचित्रासाठी केलेली मायर कुटुंबीयांची तीन रेखने होत. त्यांपैकी याकोप मायरची मुलगी आना हिच्या रेखनात तिचे लांब केस पाठीवर मोकळे सोडलेले दिसतात. अंतिम चित्रात तेच केस वेण्या घालून शिरोभूषणाखाली बांधलेले आहेत. धर्मचित्राच्या औचित्यासाठी जे झाकले गेले, ते रेखनात शिल्लक राहिले. होल्बाइनच्या बाबतीत हा अनुभव पुढेही वारंवार येतो.

धर्मसुधारणेच्या चळवळीमुळे बाझेलमध्ये चर्चसाठी चित्रे काढून घेणारे आश्रयदाते कमी होऊ लागले. १५२६ मध्ये इरॅस्मसची शिफारसपत्रे घेऊन होल्बाइन अँटवर्पमार्गे इंग्लंडला गेला. लंडन येथे सर ⇨ टॉमस मोर याने त्याला आश्रय दिला. मोरचे व्यक्तिचित्र (१५२७, फ्रिक कलेक्शन, न्यूयॉर्क), कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम वॉरम, राजाचा अधिकारी सर हेन्री गिल्डफर्ड व त्याची पत्नी, ज्योतिर्विद निकोलाउस क्राट्सर (१५२८) ही या पहिल्या मुक्कामातील प्रमुख चित्रे होत. मोर कुटुंबाचे समूहचित्र हे त्यांपैकी सर्वांत महत्त्वाकांक्षी होते. घरातील दालनात, सहज बसल्या-उभ्या अवस्थेत एक संपूर्ण कुटुंब प्रत्यक्ष आकारात दाखविणारे असे चित्र आल्प्सच्या उत्तरेस तोपर्यंत झालेले नव्हते. मूळ चित्र मोराव्हियातील क्रॉम्येर्झीझ येथील वाड्याला १७५२ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाले. आज त्याची कल्पना येते ती बाझेल येथील शाईच्या आराखड्यावरून व विंझर येथील सात शीर्षरेखनांवरून. आराखड्यावर क्राट्सरने प्रत्येकाचे नाव व वय लॅटिनमध्ये लिहिले आहे, तर होल्बाइनने स्वतः जर्मनमध्ये काही बदल टिपले आहेत. शीर्षरेखनांपैकी मोरची धाकटी मुलगी सेसिली हेरन हिचे रेखन विशेष हृद्य आहे. ती गरोदर असून तिच्या चोळीच्या पुढील नाड्या सैल केलेल्या आहेत. ही गोष्ट चित्रकाराने लपविली नाही, की तिचा गवगवाही केला नाही. चारदोन झपाट्याच्या रेषांत ती नोंदवून तो चेहऱ्याकडे वळला आहे.

बाझेलच्या नगरसभेने दिलेल्या रजेची मुदत संपताच १५२८ मध्ये तो परतला. १५२९ च्या फेब्रुवारीत तेथे मूर्तिभंजकांनी चर्चमधील मूर्ती व चित्रे फोडली, जाळली. याच सुमारास कागदावर रंगविलेले पत्नी व दोन मुले हे त्याचे चित्र प्रबोधनकाळातील अत्यंत खिन्न कौटुंबिक चित्रांपैकी एक म्हणावे लागेल. रडून सुजल्यासारख्या डोळ्यांची, खांदे पडलेली ही स्त्री आणि तिची मुले कोणाकडेही पाहत नाहीत. ही आकृती पुढे बाह्यरेषेवरून कापून लाकडी फलकावर चिकटविण्यात आली. १५३२ मध्ये होल्बाइन कुटुंबास मागे ठेवून पुन्हा लंडनला गेला.

तेथील परिस्थिती आता पालटली होती. मोरने त्याच वर्षी चान्सलरपदाचा राजीनामा दिला होता. १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. होल्बाइनने प्रथम हॅन्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचा आधार घेतला. पत्रे, शिक्के, तराजू, फुलदाणी यांच्या गर्दीत बसलेल्या गेओर्ग गिसे याचे चित्र (१५३२, बर्लिन) म्हणजे नव्या गावात आपल्या कसबाची दिलेली जाहिरातच होय. द अँबॅसडर्स (१५३३, नॅशनल गॅलरी, लंडन) या चित्रात फ्रेंच वकील झां द दँतव्हील व त्याचा मित्र बिशप झॉर्झ द सेल्व्ह यांच्यामध्ये खगोलशास्त्रीय उपकरणे, पृथ्वीगोल, तार तुटलेले ल्यूट वाद्य अशा वस्तू मांडलेल्या असून खालच्या भागात, बाजूने पाहिल्यासच ओळखू येणारी विरूपित कवटी आहे. १५३६ पर्यंत होल्बाइन राजाचा चित्रकार झाला होता. त्याला वर्षाला तीस पौंड वेतन मिळे. राणी जेन सीमोर, मंत्री टॉमस क्रॉमवेल, सरदार, त्यांच्या स्त्रिया, धर्माधिकारी व कवी असे अवघे दरबारी जग त्याच्यासमोर येऊन बसले. त्यांपैकी कितीएकांना पुढे वधस्तंभाकडे जावे लागले.

रेखनतंत्र : विंझर किल्ल्यातील राजसंग्रहात होल्बाइनची ऐंशीच्या आसपास व्यक्तिरेखने आहेत. एखाद्या दरबाराची इतकी सलग चेहरेपट्टी सोळाव्या शतकातील फ्रान्सचा अपवाद सोडल्यास अन्यत्र आढळत नाही. पहिल्या इंग्लंड-मुक्कामातील रेखने साध्या, लेप न दिलेल्या कागदावर असून आकाराने मोठी आहेत. मोरचे शीर्षरेखन सु. ४० सेंमी. उंच व ३० सेंमी. रुंद आहे. १५३२ नंतरची रेखने मात्र फिकट गुलाबी लेप दिलेल्या कागदावर व बहुधा लहान आकारात केलेली आहेत. हा बदल दिसायला किरकोळ, परंतु त्यामागे व्यवसायाची निकड आहे. गुलाबी पार्श्वभूमी हीच चेहऱ्याची मूळ कांती ठरते. त्वचेचा रंग प्रत्येक वेळी खडूने भरण्याचे श्रम वाचतात. गालांवर व ओठांवर लाल खडूचा किंचित स्पर्श, केसांना पिवळा वा तपकिरी खडू, टोपीला काळा एवढ्यावर भागते. राजसेवेतील कामाच्या रेट्यात, थोडा वेळच बसू शकणाऱ्या मातब्बर माणसांसाठी ही सोय मोलाची होती.

खडूचे काम झाल्यावर होल्बाइन बारीक कुंचल्याने वा लेखणीने शाईच्या रेषा घाली. त्या सर्वत्र सारख्या नसतात. वरच्या पापणीची कड, दोन ओठांमधील फट, नाकपुडी, जबड्याचे वळण अशा मोजक्या ठिकाणीच त्या गडद होतात. कपाळ व गाल जवळजवळ रिकामे सोडलेले असतात. पाहणाऱ्याची नजर कागदाच्या त्या रिकाम्या जागेला आपोआप गोलाई देते. पोशाख तो थोडक्यात आटोपतो. मात्र त्यावर कापडाचे नाव व रंग जर्मनमध्ये लिहून ठेवतो. विल्यम पार याच्या रेखनावर तर मखमल व साटिन कोठे व कोणत्या रंगाची, यांच्या नोंदींची गर्दी आहे आणि बाजूला अलंकारांचे तपशील स्वतंत्रपणे रेखाटलेले आहेत. सर रिचर्ड साउथवेल याच्या रेखनावर डोळे किंचित पिवळसर आहेत अशी नोंद आहे. साउथवेल हा तुरुंगातील मोरची पुस्तके काढून नेण्यास गेलेल्यांपैकी एक. त्याच्या मानेवरील व्रणांच्या खुणाही चित्रकाराने टिपल्या आहेत. आपल्या पहिल्या आश्रयदात्याच्या छळात सहभागी झालेल्या माणसाकडे पाहताना त्याच्या मनात काय आले असेल, याचा मागमूस रेषेत नाही. डोळ्यांचा रंग तेवढा बरोबर नोंदला आहे. छायारेषांचा कल डावीकडून उजवीकडे उतरता असल्याने तो डावखुरा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

ही रेखने स्वतंत्र कलाकृती म्हणून केलेली नव्हती, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ती चित्रशाळेतील कामाची साधने होती. अनेक रेखने व त्यांवरून केलेली चित्रे यांतील चेहऱ्यांची मापे तंतोतंत जुळतात. रेखन व लेप दिलेला ओकचा फलक यांच्यामध्ये कोळशाने काळा केलेला कागद ठेवून मुख्य रेषा टोचणीने गिरवावयाच्या, म्हणजे त्या फलकावर उमटत, अशी पद्धत होती. काही रेखनांवर अशा दाबाच्या खुणा दिसतात, तर मोरच्या एका रेखनातील रेषांवर सुईने छिद्रे पाडलेली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवरक्त किरणांच्या साहाय्याने चित्रांच्या रंगथराखालील रेषा पाहण्याची सोय झाल्यावर या पद्धतीला भक्कम पुरावा मिळाला. एकच रेखन पुन्हा पुन्हा वापरून व्यक्तीचे तैलचित्र, लघुचित्र व त्यांच्या प्रतिकृती तयार करता येत.

यावरून एक वाद उद्‌भवला. चेहरा फलकावर यांत्रिक रीतीने उतरविला जात होता, तर मूळ रेखन तरी मुक्तहस्ताने केलेले होते का? एका डोळ्याने काचेच्या तावदानातून पाहून काचेवरच बाह्यरेषा गिरविण्याची युक्ती ⇨ ड्यूररने १५२५ च्या आपल्या मापनविषयक ग्रंथात सांगितली होती. होल्बाइननेही तिचा अवलंब केला असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी याने तर २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, पंधराव्या-सोळाव्या शतकांतील चित्रकार आरसे व भिंगे यांनी पडणारी प्रतिमा गिरवीत, असा सिद्धांत मांडला आणि त्यात होल्बाइनच्या चित्रांचाही आधार घेतला. कलेतिहासकारांना तो सर्वसाधारणपणे मान्य झालेला नाही. साधन वापरले असे क्षणभर गृहीत धरले, तरी मुख्य प्रश्न सुटत नाही. काचेवरून उतरविलेली रेषा सर्वत्र सारख्याच वजनाची असते. चेहऱ्यातील कोणती कड दाबावयाची, कोणती कागदात विरून जाऊ द्यावयाची, हे काच सांगत नाही. होल्बाइनचे श्रेष्ठत्व या निवडीत आहे. बिशप जॉन फिशर याच्या रेखनातील खप्पड गाल व थकलेले डोळे जवळजवळ रंगहीन, तुटक खुणांनी उभे राहिले आहेत. त्या खुणा एकेक करून पाहिल्यास त्यांपैकी कोणतीही गिरविलेल्या बाह्यरेषेसारखी वाटत नाही.

रेखनाकडून चित्राकडे जाताना होल्बाइन जे बदल करतो, त्यांतही हाच विवेक दिसतो. गिल्डफर्डचा रेखनात रुंद, मांसल असलेला चेहरा चित्रात लांबट व अधिक भारदस्त झाला आहे. त्याच्या पत्नीचे रेखन (बाझेल) व चित्र (सेंट लूइस) शेजारी ठेवले, तर एकाच स्त्रीच्या दोन वृत्ती दिसतात. रेखनात ती नजर तिरकी करून हसत आहे. चित्रात तिने हाती धर्मग्रंथ धरला असून हसू पार मावळले आहे. घराच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगावयाच्या चित्रात काय शोभेल, याचा निर्णय बहुधा गिऱ्हाइकाचा. समोर बसलेल्या स्त्रीचा तो एक क्षण मात्र चित्रकाराने आपल्यापाशी राखून ठेवला. आजच्या रसिकाला रेखन अधिक भावते, यात नवल नाही. परंतु चित्राला त्यामुळे खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. दरबारी व्यक्तिचित्र हा माणसाच्या पदाचा दस्तऐवज असे.

राजाच्या प्रतिमेच्या बाबतीत हे काम सर्वांत काटेकोरपणे झाले. व्हाइटहॉल राजवाड्यात होल्बाइनने १५३७ मध्ये सातवा हेन्री, त्याची राणी, आठवा हेन्री व जेन सीमोर यांचे भव्य भित्तिचित्र रंगविले. ते १६९८ च्या आगीत नष्ट झाले. परंतु त्याच्या डाव्या भागाचे पूर्णाकृती पूर्वरेखन लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. कागदाचे अनेक तुकडे जोडून शाई व जलरंगांनी केलेले हे रेखन अडीच मीटरांहून उंच आहे. यात हेन्रीचा चेहरा किंचित बाजूला वळलेला आहे. रेमीखिउस व्हान लेम्पुट याने १६६७ मध्ये केलेल्या छोट्या प्रतिकृतीवरून मात्र असे दिसते, की भित्तिचित्रात तो थेट प्रेक्षकाकडे रोखून पाहत होता. पाय फाकून, खांदे रुंदावून उभा असलेला, दृष्टीला दृष्टी भिडविणारा राजा ही जी प्रतिमा आज जगभर हेन्री म्हणून ओळखली जाते, ती शेवटच्या टप्प्यावर केलेल्या या बदलातून निर्माण झाली. वळलेल्या चेहऱ्यात अजून एक माणूस होता. समोरच्या चेहऱ्यात सत्ता तेवढी उरली.

जेनच्या मृत्यूनंतर (१५३७) हेन्रीसाठी नव्या वधूचा शोध सुरू झाला आणि होल्बाइनच्या रेखनाला राजनैतिक महत्त्व आले. १२ मार्च १५३८ रोजी ब्रूसेल्स येथे डेन्मार्कची ख्रिस्तीना ही सोळा वर्षांची विधवा त्याच्यासमोर केवळ तीन तास बसली. त्या तीन तासांतील रेखनावरून त्याने पुढे तिचे पूर्णाकृती चित्र (नॅशनल गॅलरी, लंडन) रंगविले. काळ्या वस्त्रातून उजळून निघालेले हात व चेहरा यांखेरीज त्यात जवळजवळ काहीच नाही. हा विवाह घडून आला नाही. १५३९ च्या उन्हाळ्यात त्याला क्लीव्ह्‌जची ॲन व तिची बहीण आमालिया यांची चित्रे काढण्यासाठी ड्यूरेन येथे पाठविण्यात आले. ती चित्रे हुबेहूब असल्याचे इंग्रज वकील निकोलस वॉटन याने राजाला कळविले. जानेवारी १५४० मध्ये विवाह झाला, राजाला वधू नापसंत पडली व जुलैमध्ये विवाह रद्द झाला. हा संबंध जुळवून आणणाऱ्या क्रॉमवेलचा त्याच महिन्यात शिरच्छेद झाला. होल्बाइनने राजाला फसविले, अशी कथा पुढे रूढ झाली. परंतु त्याच्यावर ठपका ठेवला गेल्याचा पुरावा नाही आणि त्याचे वेतनही चालूच राहिले.

चर्मपत्रावर रंगविलेले ॲनचे चित्र (लूव्हर, पॅरिस) लक्षपूर्वक पाहिल्यास या कथेपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट आढळते. ॲन पूर्णपणे समोरासमोर, समतोल मांडणीत उभी आहे. तिच्या वस्त्रावरील जर, मोती, शिरोभूषण यांचे काम अप्रतिम आहे; चेहरा मात्र शांत, बंद व अबोल आहे. होल्बाइनची बाह्यरेषा बोलते ती वळलेल्या चेहऱ्यात, जेथे कपाळ, गालाचे हाड व हनुवटी यांची कड पार्श्वभूमीवर उमटते. समोरून पाहिलेल्या चेहऱ्यात त्या रेषेला वावच उरत नाही. चित्रकाराने ही मांडणी आपल्या इच्छेने निवडली, की त्याला तीच नेमून देण्यात आली, हे कोणत्याही कागदपत्रात आलेले नाही. तथापि या चित्रात खोटे असे काही नाही आणि पाहणाऱ्याला निर्णय घेता येईल असेही फारसे काही नाही.

शेवटच्या काही वर्षांतील त्याची चित्रे याच दिशेने गेली. निळी वा हिरवी सपाट पार्श्वभूमी, तीवर सोनेरी अक्षरांत वय व वर्ष, आणि खोली जवळजवळ नाहीशी झालेली आकृती असे त्यांचे रूप आहे. १५२८ पूर्वीच्या चित्रांतील अवकाश, प्रकाश व वस्तूंचा सहवास येथे उरला नाही. काही समीक्षकांना ही शैलीची शुद्धी वाटते. परंतु हात व धड हे चेहऱ्याशी नीट न जुळलेले, वेगळ्या साच्यातून आणून जोडल्यासारखे दिसतात, अशी उदाहरणे या काळात आहेत हे नाकारता येत नाही. रेखनांत मात्र असा ऱ्हास आढळत नाही. या मर्यादेला लघुचित्रे हाही एक सन्माननीय अपवाद होय. हे तंत्र तो दरबारातील फ्लेमिश चित्रकार लूकास होरेनबाउट याच्याकडून शिकला, असे मानले जाते. जेन स्मॉल हिचे तळहातापेक्षाही लहान वर्तुळाकार चित्र (सु. १५३६, व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयम, लंडन) या प्रकारातील त्याचा उच्चांक ठरावा. एलिझाबेथकालीन लघुचित्रकार निकोलस हिल्यर्ड याने होल्बाइनच्या पद्धतीचा आदर्श आपण नेहमी समोर ठेवला, असे नमूद केले आहे.

होल्बाइनने ७ ऑक्टोबर १५४३ रोजी लंडन येथे मृत्युपत्र केले व २९ नोव्हेंबरपूर्वी, बहुधा प्लेगने, त्याचे निधन झाले. हे मृत्युपत्र १८६१ मध्ये उजेडात आले. तोपर्यंत त्याचा मृत्यू १५५४ मध्ये झाला असे समजले जाई. परिणामी मधल्या अकरा वर्षांतील इतरांची कितीतरी चित्रे त्याच्या नावावर मोडत होती. ती सर्व एकदम गळून पडली आणि त्याच्या कार्याचे चिकित्सक संशोधन सुरू झाले. १८७१ मध्ये ड्रेझ्डेन येथील प्रदर्शनात मायर कुटुंबाच्या मॅडोनाची दोन चित्रे शेजारी मांडून अभ्यासकांनी डार्मश्टाटचे चित्र मूळ व ड्रेझ्डेनचे सतराव्या शतकातील प्रतिकृती असल्याचा निर्वाळा दिला. मूळ चित्र २०११ मध्ये राइनहोल्ट व्ह्यूर्ट या उद्योगपतीने विकत घेतले व त्यानंतर ते श्वेबिश हाल येथे प्रदर्शित करण्यात आले.

विंझर येथील रेखनांचा प्रवासही विलक्षण आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ती एका मोठ्या ग्रंथात बांधलेली होती. सहाव्या एडवर्डकडून ती सरदार घराण्यांकडे गेली. पहिल्या चार्ल्सने हा ग्रंथ रॅफेएलच्या सेंट जॉर्जच्या चित्राच्या मोबदल्यात पेंब्रोकच्या अर्लला देऊन टाकला, त्याने तो अरुंडेलच्या अर्लला दिला आणि दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत तो राजसंग्रहात परत आला. पुढे त्याचा विसर पडला. १७२७ मध्ये राणी कॅरोलाइन हिला केन्झिंग्टन राजवाड्यातील एका कपाटात ही रेखने सापडली. त्यांवरील नावे एडवर्डचा शिक्षक सर जॉन चीक याने केलेल्या ओळखीवर आधारलेली असून ती सर्वच विश्वसनीय नाहीत. मोरची मुलगी एलिझाबेथ डॉन्सी हिच्या रेखनावर ‘लेडी बार्कली’ असे नाव पडले आहे आणि ॲन बुलिन म्हणून दाखविले जाणारे रेखन खरोखर तिचेच आहे किंवा कसे, याविषयी अद्याप मतभेद आहेत. हाताळणीमुळे अनेक रेखनांवरील खडू पुसट झाला असून काही रेषा नंतर कोणी गडद केल्या असाव्यात, असाही संशय व्यक्त करण्यात आला आहे. होल्बाइनच्या कृतींचा दुसरा मोठा संग्रह बाझेलच्या कलासंग्रहालयात आहे. तो मुख्यत्वे आमरबाख कुटुंबाने जमविलेला असून १६६१ मध्ये नगराने विकत घेतला.